वार्धक्यातील मणके आणि सांधे : एक्स-रेचा अर्थ कसा लावावा?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या संस्थेचे रोपटे लावले, त्यांपैकी जे आज आपल्यात आहेत ते सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या आनंदात त्यांच्या गुडघ्यांची आणि कमरेचीही विचारपूस व्हावी, हे उचितच होय. क्ष-किरण तज्ज्ञ या नात्याने मी आज एकच विषय आपल्यापुढे ठेवणार आहे. वयस्क व्यक्तीच्या मणक्यांचा किंवा सांध्यांचा एक्स-रे काढल्यावर त्याच्या अहवालाचा अर्थ काय घ्यावा आणि काय घेऊ नये, हा तो विषय.

विषय तांत्रिक वाटेल, पण त्याचे परिणाम घरोघरी दिसतात. "मणक्यात गॅप आली आहे", "हाड वाढले आहे", "गुडघ्यातले वंगण संपले", ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. अशा एका वाक्याने एखाद्या आजींचे जमिनीवर बसून होणारे सामायिक सुटते, एखाद्या आजोबांची सम्मेदशिखरजीची यात्रा कायमची रहित होते. उलट त्याच अहवालाच्या कोपऱ्यात "एक मणका दबलेला दिसतो" अशी ओळ असते आणि तिच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. पुढे साध्या घसरण्याने खुब्याचे हाड मोडते. म्हणजे ज्याला भ्यायचे कारण नाही त्याला आपण भितो आणि ज्याची काळजी घ्यायची तेच दुर्लक्षित राहते. या दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत.

एक्स-रे म्हणजे सावली

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना या किरणांचा शोध लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट दिसत होती. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आज फिल्मची जागा बहुतांशी संगणकाच्या पडद्याने घेतली आहे, तथापि मूळ तत्त्व तेच आहे. किरण शरीरातून पार होतात, कॅल्शियमयुक्त हाड त्यांना अधिक अडवते आणि म्हणून हाड पांढरे दिसते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सांध्यातील कूर्चा, दोन मणक्यांमधील गादी, स्नायू, स्नायुबंध आणि नस यांपैकी काहीही साध्या एक्स-रेत स्वतंत्रपणे दिसत नाही. गुडघ्याच्या दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसते ती रिकामी जागा नसते. तेथे कूर्चा असते, फक्त तिची सावली पडत नाही. फट अरुंद झाली तर कूर्चा झिजली असावी, असे आपण अनुमान करतो. "एक्स-रेत नस दबलेली दिसली" असे कोणी म्हणाले तर ते प्रत्यक्ष दर्शन नसून अनुमान आहे, हे ध्यानात ठेवावे. आणि वेदनेची सावली तर कोणत्याच यंत्रात पडत नाही.

चित्र कसे घेतले यावरही अर्थ बदलतो. गुडघ्याची झीज पाहायची असेल तर एक्स-रे उभे राहून काढला पाहिजे. कायोत्सर्गात आपण दोन्ही पायांवर समान भार घेऊन उभे राहतो, तसे उभे राहिले म्हणजे फट किती उरली ते खरे कळते. झोपून काढलेल्या चित्रात झिजलेला गुडघाही पुष्कळदा बरा दिसतो. मणक्यांचे चित्र समोरून आणि बाजूने असे दोन्ही हवे, कारण दबलेला मणका बाजूच्या चित्रातच नीट ओळखता येतो. जुने एक्स-रे रद्दीत घालू नयेत. पाच वर्षांपूर्वीचे चित्र शेजारी ठेवले की बदल जुना की नवा, हे एका दृष्टिक्षेपात समजते.

अहवालातील नेहमीचे शब्द

आता अहवालात येणाऱ्या काही शब्दांची ओळख करून घेऊ.

"ऑस्टिओफाइट" म्हणजे हाडाच्या कडेला आलेली वाढ. सांध्यावरील ताण बदलला की शरीर कडेने हाड वाढवून आधार रुंद करू पाहते. बोलीत आपण त्याला "हाड वाढले" म्हणतो. ही गाठ नव्हे आणि कर्करोगही नव्हे. कॅल्शियमच्या गोळीने ती वाढते, ही समजूतही निराधार आहे.

"डिस्क स्पेस कमी झाली" म्हणजे दोन मणक्यांमधील गादीतील पाण्याचा अंश घटून तिची उंची कमी झाली. गंमत अशी की आपण म्हणतो "गॅप आली" आणि प्रत्यक्षात गॅप कमी झालेली असते.

"स्पाँडिलोसिस" हे मणक्यांच्या या सर्व झिजेला मिळून दिलेले नाव आहे. "स्क्लेरोसिस" म्हणजे भाराखालील हाड घट्ट होऊन अधिक पांढरे दिसणे. "मानेचा बाक सरळ झाला" हे स्नायू आखडल्याने घडते, किंवा चित्र घेताना मान कशी धरली होती यावरही ते अवलंबून असते. "लिस्थेसिस" म्हणजे एक मणका दुसऱ्यावरून किंचित पुढे सरकणे. उतारवयात ते कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये, विशेषतः स्त्रियांत, अधिक आढळते. थोडे सरकणे पुष्कळांना जन्मभर त्रास देत नाही.

गुडघ्याच्या अहवालात "ग्रेड" लिहिलेली असते. ही पद्धत ब्रिटनमधील केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ साली मांडली. शून्य ते चार अशा पाच पायऱ्या तीत आहेत आणि त्या केवळ चित्रावरून ठरतात. म्हणून "ग्रेड चार म्हणजे शस्त्रक्रिया अटळ" असे समीकरण मांडू नये. सांधा बदलण्याचा निर्णय वेदना किती, चालणे-फिरणे किती अडते, झोप मोडते का आणि व्यायाम-औषधांनी कितपत आराम पडतो, यांवर घ्यावयाचा असतो. ग्रेड चारचे गुडघे घेऊन रोज मंदिरात किंवा स्थानकात पायी जाणारी माणसे आहेत, तसेच ग्रेड दोनच्या गुडघ्यांनी बेजार झालेलीही आहेत.

झीज सर्वांचीच होते

ही झीज इतकी सार्वत्रिक आहे की तिला आजार म्हणावे की वय, असा प्रश्न पडतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात ३३ अभ्यासांतील ३,११० व्यक्तींची माहिती एकत्र केली होती. त्यांपैकी कोणालाही पाठदुखी नव्हती. त्यांच्या सी.टी. किंवा एम.आर.आय. तपासणीत मणक्यांमधील गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत आढळली. गादी बाहेर फुगल्याचे प्रमाण विशीत ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के होते. पुन्हा सांगतो, यांपैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती.

म्हणून सत्तर वर्षांच्या व्यक्तीच्या अहवालात झीज लिहिलेली असणे हे केस पांढरे झाले असे लिहिण्यासारखेच आहे. कंबर दुखत असेल तर ती याच झिजेमुळे दुखते, असे त्या एका ओळीवरून सिद्ध होत नाही. दुखणे स्नायूंचे असू शकेल, खुब्यातून आलेले असू शकेल, कित्येकदा मूत्रपिंडाचेही असू शकेल.

याच कारणाने ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे की वय ४५ किंवा अधिक असेल, हालचालीने सांधा दुखत असेल आणि सकाळचा आखडलेपणा नसेल किंवा अर्ध्या तासाहून अधिक टिकत नसेल, तर संधिवाताच्या या झिजेच्या प्रकाराचे निदान एक्स-रेवाचूनही करावे. सकाळी तासभर बोटे वळत नसतील, सांधे सुजून गरम होत असतील, तर मात्र गोष्ट वेगळी. तेथे रक्ततपासणी आणि एक्स-रे दोन्हींची आवश्यकता असते.

एक नय, संपूर्ण प्रमाण नव्हे

हा विचार आपल्यासारख्या श्रोत्यांना समजावून सांगणे मला सोपे जाते, कारण त्याची परिभाषा आपल्या दर्शनात आधीच आहे. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात वस्तू जाणण्याचे मार्ग म्हणून प्रमाण आणि नय सांगितले आहेत. नय म्हणजे वस्तूकडे एका अंगाने पाहणे. तो खोटा नसतो, अपुरा असतो. पण हाच नय इतर सर्व दृष्टींचा निषेध करू लागला की आपले आचार्य त्याला दुर्नय म्हणतात.

एक्स-रे हा एक नय आहे. रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली व्यथा हा दुसरा, आणि डॉक्टरांनी हात लावून, चालवून, वाकवून केलेली तपासणी हा तिसरा. आमच्या अहवालाच्या शेवटी बहुधा "क्लिनिकल कोरिलेशन" असे शब्द असतात. लोकांना ती औपचारिकता वाटते. वस्तुतः अहवाल लिहिणारा तेथे सांगत असतो की हे चित्र एका अपेक्षेने खरे आहे, रुग्णाशी पडताळून मगच निष्कर्ष काढा. आपण मात्र ती शेवटची ओळ सोडून देतो आणि वरची भीतिदायक नावे नातवाकडून मोबाइलवर शोधून घेतो.

ज्या ओळी सोडून देऊ नयेत

आतापर्यंतचे ऐकून "मग एक्स-रेला अर्थच नाही" असा समज करून घेऊ नये. काही गोष्टी एक्स-रे फार चांगल्या दाखवतो आणि त्या उतारवयात जिवाशी निगडित असतात.

पहिली म्हणजे दबलेला मणका. हाडे ठिसूळ झाली की बादली उचलताना, वाकताना किंवा जोराच्या खोकल्यानेही मणका चेपला जातो. अशा सुमारे दोन तृतीयांश घटना त्या वेळी कोणाच्या लक्षातही येत नाहीत. "दोन दिवस पाठ धरली होती" एवढेच आठवते. मग उंची कमी होते, पाठीला बाक येतो, लुगडे किंवा पायजमा लांब वाटू लागतो. बाजूच्या चित्रात मणक्याची उंची २० टक्क्यांहून अधिक घटलेली दिसली तर तो दबला असे आपण मानतो. एक मणका दबला की दुसरा दबण्याचा आणि खुबा मोडण्याचा धोका पुष्कळ वाढतो. म्हणून अहवालात "कॉम्प्रेशन", "वेजिंग" किंवा "उंची कमी" असे शब्द दिसताच डॉक्टरांना त्याविषयी आवर्जून विचारावे.

दुसरी गोष्ट हाडांच्या घनतेची. साध्या एक्स-रेत हाड विरळ दिसू लागते तोवर त्यातील सुमारे ३० टक्के किंवा अधिक खनिज निघून गेलेले असते. तेव्हा "एक्स-रेत हाडे चांगली दिसतात" यावर विसंबू नये. त्यासाठी खुबा आणि कंबर यांची डेक्सा तपासणी असते. तीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ठिसूळतेचे निदान होते. शिबिरांमध्ये टाचेवर लावले जाणारे यंत्र केवळ चाळणीसाठी असते. त्यावरून निदान करू नये आणि औषधही सुरू करू नये.

तिसरी गोष्ट जंतुसंसर्ग आणि कर्करोग. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो. झिजेत गादीची उंची घटते, पण दोन्हीकडील मणक्यांच्या कडा रेखीव आणि घट्ट राहतात. क्षयात त्या कडाच कुरतडल्यासारख्या अस्पष्ट होतात. कर्करोग मणक्यात पसरला तर समोरच्या चित्रात मणक्याच्या दोन डोळ्यांसारख्या दिसणाऱ्या वर्तुळांपैकी एक नाहीसे होते. घुबडाने एक डोळा मिटावा तसे ते दिसते. ही चिन्हे ओळखणे तज्ज्ञांचे काम आहे. घरच्यांनी लक्ष ठेवायचे ते लक्षणांवर. ताप, वजन घटणे, रात्री विसावा घेऊनही न थांबणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग, पायांतील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही असेल तर "वयाची झीज" म्हणून स्वस्थ बसू नये. यातील शेवटच्या दोन लक्षणांत तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

चौथी गोष्ट पडल्यानंतरची. वृद्ध व्यक्ती पडली, खुबा दुखतो, पायावर भार देता येत नाही आणि एक्स-रे मात्र निर्दोष आला, असे होऊ शकते. खुब्याची बारीक चीर पहिल्या चित्रात लपू शकते. अशा वेळी एम.आर.आय. किंवा सी.टी. करून घ्यावी. "एक्स-रे नॉर्मल आहे, चाला" असे म्हणून रुग्णाला चालवू नये.

आणखी एक उपयोगी नोंद. कमरेच्या बाजूच्या चित्रात मणक्यांपुढे महाधमनीच्या भिंतीत साचलेला चुना कधीकधी दिसतो. त्याचा पाठदुखीशी बहुधा संबंध नसतो, पण रक्तवाहिन्या कठीण होत असल्याची ती सूचना आहे. तो अहवाल रक्तदाब-मधुमेह पाहणाऱ्या डॉक्टरांनाही दाखवावा.

साधना आणि यात्रा

आता आपल्या नित्यक्रमाकडे वळू. वंदना करावी की नाही, जमिनीवर बसावे की नाही, असे प्रश्न मला वारंवार विचारले जातात. उत्तर अहवालातील दोन वेगळ्या ओळींप्रमाणे वेगळे आहे.

ज्यांच्या चित्रात केवळ झीज आहे त्यांनी हालचाल सोडू नये. जेवढे सोसते तेवढे वाकावे, उठावे, बसावे. जमिनीवर बसून गुडघे फार दुखत असतील तर उंच पाट किंवा खुर्ची घ्यावी आणि आसनाच्या मर्यादेविषयी पूज्य साधू-साध्वींचे मार्गदर्शन घ्यावे. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हा गुडघ्याचा मोठा आधार आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार वजन एक किलो घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या किंवा शिखरजीची सुमारे २७ किलोमीटरची वाट मनात असेल तर काही महिने आधीपासून रोज चालण्याचा सराव करावा. उतरताना गुडघ्यांवर ताण अधिक येतो, म्हणून हातात काठी असावी. डोलीने जाण्यात कमीपणा मानू नये.

ज्यांचा मणका दबलेला आहे त्यांनी मात्र कमरेतून खोल वाकणे आणि ओझे उचलणे टाळावे, मग दुखत असो वा नसो. पंचांग नमनाऐवजी उभ्याने हात जोडून, मान लववून वंदन करावे. व्यवहारात मी बरोबर याच्या उलट पाहतो. झीज असलेले भीतीने वाकणे सोडतात आणि दबलेल्या मणक्याचे, दुखत नाही म्हणून, वाकत राहतात.

ठिसूळतेवरील आठवड्याची गोळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नसते. नवकारसी करणाऱ्यांनी ती नवकारसी पारल्यावर प्रथम घ्यावी आणि अर्ध्या तासाने आहार घ्यावा. चौविहार उपवासाचा दिवस त्या गोळीसाठी निवडू नये. 'ड' जीवनसत्त्वाचे डी-थ्री हे रूप बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते आणि मऊ कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे असते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी डॉक्टरांना तसे सांगावे, वनस्पतिजन्य पर्याय उपलब्ध आहेत. संकोचाने औषधच बंद करणे हा उपाय नव्हे.

किरणांची भीतीही प्रमाणात असावी. कमरेच्या मणक्यांच्या तपासणीत साधारण १.५ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. गुडघ्याच्या चित्रात तर तो नगण्य असतो. गरज असेल तेथे एक्स-रे नाकारू नये. मात्र तीच झीज दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहण्यात अर्थ नाही. तपासण्यांचाही परिग्रह नको.

शेवटी घरातील मुला-सुनांना एक विनंती. आई-वडिलांचा अहवाल हाती आला की डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. यातील कोणत्या गोष्टी वयाच्या आहेत? दुखण्याचे कारण याच चित्रात आहे असे आपल्याला तपासणीवरून वाटते का? एखादा मणका दबलेला आहे का? आणि यामुळे त्यांनी नेमके काय टाळायचे आणि काय चालू ठेवायचे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून घ्या आणि ते एक्स-रेच्या पाकिटातच ठेवा. त्या पाकिटातील सर्वांत उपयोगी कागद तोच ठरेल.

 व्याख्यानानंतर ज्या ज्येष्ठांनी आपले जुने एक्स-रे बरोबर आणले आहेत ते मी येथेच पाहीन. घाई नाही.

जय जिनेंद्र.